तीन हजारांत शॉकअप

अमळनेर म्हटलं की कुणाला साने गुरुजी आठवतात, कुणाला प्रताप कॉलेज, तर कुणाला फेब्रुवारी २०२४ मध्ये भरलेलं ९७ वं साहित्य संमेलन. कॉम्प्युटरच्या मंडळींना आठवतं की विप्रोची सुरुवात १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. मला मात्र गेल्या दिवाळीपासून अमळनेर म्हटलं की पप्पांची कंबर आठवते!

पप्पा आठवडे बाजार करतात. शंभर सीसीची जुनी गाडी, मागे कटलरीचं साठ किलोचं गाठोडं, आणि मारवड, पातोंडा, मांडळ अशी फेरी. दिवाळीत घरी गेलो तर कंबरेला पट्टा. डॉक्टर म्हणाले, गाडी कमी चालवा. पण बाजार कमी केले तर माझी मेसची फी कुठून येणार? आई एवढंच म्हणाली, "मेकॅनिकलला आहेस ना, मग गाडीचं काहीतरी बघ."

माझ्याकडे ट्यूशनचे ३००० रुपये होते. दुकानात गॅसवाल्या शॉकअपच्या जोडीला ४५०० सांगितले. म्हणून मी शॉर्टकट मारला. पुढच्या शॉकअपमध्ये इंजिनचं जाड ऑइल भरलं. जाड ऑइल म्हणजे दणकट शॉकअप, असा माझा हिशोब! दुसऱ्याच दिवशी पप्पा म्हणाले, आता पाठीबरोबर मनगटंही दुखतात. का, ते नीट समजून घेऊ.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत देते. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ झुलत राहिली असती. ते झुलणं थांबवतं आतलं ऑइल. बारीक छिद्रांमधून ऑइल ढकललं जातं आणि ऊर्जेची उष्णता होते. हेच डॅम्पिंग. अशा ऑइलवाल्या टेलिस्कोपिक फोर्कची कल्पना जुनीच आहे. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या गाडीवर ती आणली.

आता साध्या फोर्कमध्ये छिद्रं ठरलेल्या मापाची असतात. चाक जेवढ्या वेगाने वर उचललं जातं, त्यापेक्षा कितीतरी जास्त पटीने ऑइलचा विरोध वाढतो. त्यात ऑइल जाड असेल तर खड्ड्याच्या कडेला शॉकअप जवळजवळ लोखंडी दांडक्यासारखा वागतो आणि धक्का सरळ हँडलमध्ये येतो. शिवाय दबलेला शॉकअप हळूहळू उघडतो. तो पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा हजर! आमच्याकडच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांवर हे हमखास होतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि डांबर लाटांसारखं वरखाली होतं.

शेवटी बसस्टँडजवळच्या मिस्तरींकडे गेलो. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "आधी काय खराब आहे ते बघ, मग नवीन काय घ्यायचं ते ठरव." त्यांनी सांगितलेला क्रम असा :

१) हवा. टायर हाच पहिला शॉकअप. गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी आणि डबल सीटसाठी मागच्या टायरचं प्रेशर वेगळं दिलेलं असतं. आमच्या गाडीत वजन डबल सीटचं आणि हवा अंदाजे! खर्च शून्य.

२) कोनसेट आणि बुश. पुढचं चाक उचलून फोर्क खालून धरायचा आणि पुढे-मागे हलवायचा. टक्‌ टक्‌ लागलं तर कोनसेट गेला. मागचं चाक उचलून स्विंगआर्म आडवा हलवायचा. हलला तर बुश गेले. आमचे दोन्ही गेलेले. हे ढिले असताना कितीही भारी शॉकअप लावा, वजन घेऊन वळणावर गाडी डुलणारच. आणि ते कंबरदुखीपेक्षा धोक्याचं.

३) पुढचे शॉकअप. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइल, दोन्ही बाजूंना मापाने अगदी सारखं. गळत असेल तर ऑइल सील. ऑइल जास्त भरलं तर वरच्या हवेला जागा कमी उरते, ती दाबली जाऊन स्प्रिंगसारखी कडक होते आणि सीलवर ताण येतो. माझे सील बहुतेक असेच फुटले.

४) मागचे शॉकअप. सीट जोरात दाबून सोडायची. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. तीन-चार वेळा झुलली तर डॅम्पिंग संपलं. आमची झुलली. म्हणून पैसे खर्च करायची खरी जागा हीच होती. गॅसची नाही, पण चांगली साधी नवी जोडी घेतली.

हॉस्टेलमधला एक मोठा गैरसमज इथे दूर करतो. मागच्या शॉकअपची खाच फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. नाही होत! समजा दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दाबायला ४० न्यूटन लागतात. साठ किलोचं गाठोडं म्हणजे सुमारे ६०० न्यूटन. ते सगळं मागच्या चाकावर आलं तर गाडी १५ मिलिमीटर जास्त बसते. खाच फिरवल्यावर ती बसलेली गाडी वर येते, म्हणजे खड्ड्यासाठी जागा परत मिळते. पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ४० न्यूटनच लागतात. म्हणून वजन असताना खाच वर, रिकामी गाडी असताना खाली.

आणि स्प्रिंग कापून घेऊ नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते खरी, पण आखूडही होते आणि गाडी खाली बसते. जाड तारेच्या स्प्रिंगचाही मोह टाळा. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. ७ ऐवजी ८ मिलिमीटरची तार घेतली, बाकी मापं तीच ठेवली, तर स्प्रिंग सुमारे ७० टक्के कडक! बाजारातून रिकामी गाडी परत आणताना ती उड्या मारेल.

माझा हिशोब : फोर्क ऑइल १४०, सील १३०, बुश १२०, कोनसेट ३२०, मागची जोडी १६५०, मजुरी ४००. एकूण २७६० रुपये. उरलेल्या २४० मध्ये हवेचा गेज घेतला. गाठोडंही सीटला टेकवून पुढे आणि खाली बांधायला लावलं. ते मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असलं की पुढचं चाक हलकं होतं.

पप्पांची कंबर बरी झाली असं मी म्हणणार नाही. पट्टा अजून आहे, आणि गाठोडं आता दोन फेऱ्यांत जातं. पण परवा त्यांच्या मागे बसून मारवडला गेलो. नेहमीच्या खड्ड्याजवळ मी सवयीने पाय आवळले. पप्पा मान न वळवता म्हणाले, "गाडी आते आदयत नही रे."

सेमिस्टरला व्हायब्रेशनच्या पेपरात मला किती मार्क पडतील माहीत नाही. हा मार्क मात्र मिळाला. तुमच्या गाडीचा कोनसेट आज संध्याकाळी पार्किंगमध्ये एकदा हलवून बघा, एवढंच सांगणं!