दारूच्या परवान्याचा अर्ज कोणास पाहतां येतो?

खव्याच्या भट्ट्यांसाठीं नांव मिळविलेल्या भूम तालुक्यांतील एखाद्या गांवीं शाळेच्या वाटेवर एके दिवशीं ‘परमिट रूम’ची पाटी लागते, आणि घरोघरीं एकच प्रश्न निघतो : ही परवानगी दिली कोणी?

निजामाच्या अमलांत आबकारीचा जाब रयतेनें विचारावा, अशी सोय नव्हती. १९४७ सालीं हैदराबाद संस्थानांतील सत्याग्रह्यांनीं शिंदीचीं झाडें तोडलीं, तीं त्या उत्पन्नावरच घाव घालण्याकरितां. आज कुऱ्हाडीचें कारण नाहीं. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पावर काम भागतें.

१२ ऑक्टोबर २००५ पासून अमलांत आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत कलम ४ असें आहे कीं, ज्यांस परवाने दिले त्यांचा तपशील कार्यालयानें आपण होऊन प्रसिद्ध करावा. पण मेख येथेंच आहे. हें कलम दिलेल्या परवान्यांविषयीं बोलतें. निकालाची वाट पाहत पडलेल्या अर्जांविषयीं नाहीं. आपणांस तर नेमका तोच कागद हवा असतो. कारण परवाना निघाल्यावर हरकतीची किंमत फार उतरते. तो मागूनच घ्यावा लागतो.

मागणी धाराशिव येथील राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयांतील जन माहिती अधिकाऱ्याकडे करावी. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणें विषय एकच व मजकूर १५० शब्दांच्या आंत हवा. तेव्हां गाऱ्हाण्यांत शब्द न दवडतां कागदांचींच नांवें लिहावीं : अर्जाची नक्कल, जागेचा नकाशा, पोलिसांचा अभिप्राय, आणि शाळा व देवळापासूनच्या अंतराची मोजणी. अंतर कोणत्या दारापासून कोणत्या दारापर्यंत धरलें, यावर पुष्कळ अवलंबून असतें. ‘नवें’ म्हणून दिसणारें देशी दारूचें दुकान बहुधा दुसरीकडून हलविलेलें जुनेंच असतें, म्हणून स्थलांतराचे कागदही मागावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिलें अपील करावें.

अर्जदारासही आपलें म्हणणें मांडण्यास १० दिवस मिळतात, आणि तें योग्यच आहे. त्याचें बँकेचें खातें आपणांस कशाला हवें? परंतु दुकानाची जागा ही कांहीं कोणाची घरगुती बाब नव्हे. २०२३ च्या कायद्यानें वैयक्तिक माहितीचें कुंपण उंच केलें असलें, तरी सार्वजनिक हित मोठें ठरल्यास ती देण्याची तरतूद शिल्लक आहे.

दुकान उघडलेंच, तर २००८ च्या आदेशाप्रमाणें गांवांतील वा प्रभागांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केल्यास गुप्त मतदान होतें, आणि ‘आडव्या बाटली’स निम्म्याहून अधिक मतें पडल्यास तें बंद होतें. हें निम्मेंही मतदानास आलेल्यांचें नव्हे, तर यादींतील सर्वांचें. लेकी सासरीं गेल्या आणि नांवें येथेंच राहिलीं, तर तीं सारीं न पडलेलीं मतें दुकानाच्याच कामीं येतात; म्हणून सह्या गोळा करण्याआधीं मतदारयादी नीट तपासून घ्यावी.