हुबळीचे पाणी : आडापासून मलप्रभेपर्यंत



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पाणीपुरवठ्याचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझी वाट शब्दांमधूनच जाते. ज्या दुर्गदबैलाच्या आसमंतात आपण वाढलो, त्या नावातील ‘बैल’ हे जनावर नव्हे. कन्नडमध्ये ‘बयलु’ म्हणजे मोकळी जागा. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्याचे मैदान. बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने व्यापारासाठी येथे पाय रोवले आणि या मैदानाभोवती नवी हुबळी वसली. बाजारपेठ भरभराटीस आली. मात्र तिच्या काठाने नदी वाहत नव्हती.

याचे कारण भूगोलात आहे. हुबळी-धारवाडचा प्रदेश पाणलोटाच्या माथ्यावर आहे. येथून पश्चिमेकडे उतरणारे पाणी बेडतीच्या वाटेने अरबी समुद्रास मिळते, तर पूर्वेकडे उतरणारे पाणी मलप्रभा व कृष्णा यांच्याद्वारे बंगालच्या उपसागरास. माथ्यावर पडलेले पाणी दोहोंकडे निघून जाते. म्हणून येथील माणसाने ते अडवले, साठवले. मराठी ‘बाव’ आणि कन्नड ‘बावी’ ही दोन्ही संस्कृत ‘वापी’ची लेकरे. भाषा दोन असल्या तरी तहान एकच होती.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. तिच्या मुळाशी एक अनुभव आहे. पोहरा सोडणाऱ्यास आडाचा तळ दिसत असे. पाणी खाली गेल्याचे दोराची लांबी सांगत असे आणि वापरास आपोआप आवर बसत असे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास म्हणजे आड आणि पोहरा यांतील अंतर वाढत गेल्याचा इतिहास होय, असे माझे प्रतिपादन आहे.

1855 साली हुबळीत नगरपालिका स्थापन झाली. 1880च्या दशकात रेल्वे आली, पाठोपाठ तिचा कारखाना आला आणि वस्ती वाढली. गावातील विहिरींनंतर भिस्त आली ती वेशीबाहेरच्या उणकलच्या तळ्यावर. तेही अपुरे पडल्यावर 1950च्या दशकात कलघटगीच्या बाजूस बेडतीच्या पाण्यावर नीरसागर जलाशय उभा राहिला. नाव सागराचे असले तरी त्याची मदार पावसावर. अवर्षणात त्याने तळ दाखवल्याचेही या शहराने पाहिले आहे. 1962 साली हुबळी व धारवाड यांची एक महानगरपालिका झाली आणि दोन्ही शहरांची तहानही एकत्र मोजली जाऊ लागली.

पुढचा पल्ला आणखी लांबचा होता. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभेवर 1970च्या दशकात धरण पूर्ण झाले. ‘नविलु’ म्हणजे मोर. जलाशयास रेणुकासागर हे नाव मिळाले; यल्लम्माच्या यात्रेस जाणाऱ्या मराठी कुटुंबांस तो परिसर परिचित आहे. 1980च्या दशकापासून हे पाणी या जुळ्या शहरास मिळू लागले. मलप्रभा उगम पावते ती खानापूर तालुक्यातील कणकुंबीस, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलखात.

तेथेही गोष्ट थांबत नाही. कळसा व भंडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून या शहरांची तहान भागवावी, अशी योजना पुढे आली. परंतु ते नाले म्हादईचे आहेत आणि म्हादई म्हणजेच गोव्याची मांडवी. 2010 साली लवाद नेमला गेला. 2018च्या निवाड्याने मलप्रभेकडे वळवण्यासाठी 3.9 टीएमसी पाणी मान्य केले, तरीही वाद मिटला नाही. आपल्या तहानेस जे न्याय्य वाटते, तेच गोव्यातील माणसास आपल्या नदीवरील संकट वाटते. दोघांनाही खोटे म्हणता येत नाही.

मात्र पाणी दुरून आणले म्हणजे ते घराघरात पोहोचते असे नाही. येथे कित्येक दिवसांआड नळ येत असे. नळ बंद असता नळवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फटींतून गटाराचे पाणी आत शिरते. 2008 साली हुबळी व धारवाडच्या काही भागांत, तसेच बेळगाव व गुलबर्ग्यात, चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. तेथे जुन्या वाहिन्या बदलल्या, मीटर बसवले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासले, तेव्हा अखंड पुरवठ्याचे पाणी कितीतरी अधिक शुद्ध आढळले. त्यानंतर संपूर्ण शहरासाठी तशी योजना हाती घेण्यात आली.

यातून मला एक बोध होतो. नवा जलाशय शोधणे हा एकच उपाय नव्हे. आहे त्या पाण्याची गळती थांबवणे हाही पाणी मिळवण्याचाच मार्ग आहे. दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरण्यापूर्वी आपल्या वाहिनीची फट बुजवणे हे नागरिकधर्माचे पहिले कलम मानावे.

आज पोहऱ्याच्या जागी तोटी आली आहे आणि आड नजरेआड झाला आहे. शाळेने निदान एवढे करावे : प्रत्येक विद्यार्थ्यास नकाशावर उणकल, नीरसागर, नविलुतीर्थ आणि कणकुंबी ही चार ठिकाणे बोट ठेवून दाखवता यावीत. ज्याला आपला आड कोठे आहे हे ठाऊक असते, तो पोहरा जपून सोडतो.