दप्तरातली नळी, खिशातली पुडी



या पानावर आम्ही बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय घरातला आहे.

गेल्या हंगामात ऊसनोंदीसाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो, तर घरात भांडण पेटलेले. अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात पेनासारखी नळी सापडली होती. वडिलांना ती मोबाईलची काही वस्तू वाटली. आईला मात्र पोराच्या कपड्यांना येणारा आंब्याचा वास बरेच दिवस खटकत होता. ती ई-सिगारेट निघाली.

वडिलांनी हात उगारला. पोरगं म्हणालं, "आणि तुमच्या खिशातली पुडी?" हात खाली आला. आम्हीही मान खाली घातली. आमच्या पिशवीत चुन्याची डबी होतीच.

या नळीत बॅटरी असते. ती आतला द्रव तापवते आणि त्याची वाफ ओढली जाते. धूर नाही, राख नाही, म्हणून पोरांना वाटते, वाफच तर आहे! पण त्या द्रवात बहुधा निकोटीन असते. मावा मारायला आपली वडीलधारी माणसे तंबाखूचा काढा फवारत, त्यातले विष हेच. मेंदूची वाढ साधारण २५ वर्षांपर्यंत चालते. कोवळ्या वयात ही सवय लवकर जडते. पोंगा वाळलेला दिसतो तेव्हा खोडकिडीची अळी आत शिरून दिवस झालेले असतात, तसेच हे.

२०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी माल चोरून मिळतोच.

म्हणून राखण घरातूनच हवी. मारले तर पोर लपवायला शिकते. कोणी दिली, कधीपासून, हे शांतपणे विचारा आणि ऐकून घ्या. सोडताना काही दिवस चिडचीड होते, झोप लागत नाही. तेवढे घराने सोसावे. तंबाखू सोडण्याचा सल्ला १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मिळतो. बाप-लेकांनी मिळून फोन करावा.

परवा त्याच वस्तीवर गेलो होतो. पोराची नळी सुटली आहे. वडिलांची पुडी अजून पुरती सुटलेली नाही. पण रोजची होती ती आठवड्यावर आली आहे, आणि तिचा हिशेब पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतं.

आमची डबी? हे लिहिताना ती शेजारी नाही, एवढेच आज सांगतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी