ढिगात हात घालूनच सौदा करा
जुनी आलिशान किंवा स्पोर्ट्स गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही हा धानाचा पट्टा. इथला व्यापारी पोते नुसते वरून पाहून धान घेत नाही. मूठभर हातात घेतो, दाणा दाताखाली फोडतो, ओल पाहतो, कणी किती पडेल याचा अंदाज बांधतो आणि मगच भाव बोलतो. पण हाच माणूस जुनी मोटार घ्यायला नागपूरला जातो तेव्हा ही सारी पारख घरी ठेवून जातो. चकाकणारा रंग, कातडी सीट आणि बोनेटवरचे नामांकित कंपनीचे चिन्ह पाहिले की अर्धा सौदा तिथेच पक्का होतो.

काही महिन्यांपूर्वी नागभीडच्या एका ओळखीच्या घरात हाच विषय निघाला. थोरला मुलगा सहा वर्षे आखातात काम करून परतला होता. गाठीला आठ लाख रुपये. धाकट्या बहिणीचे लग्न वर्षावर आलेले आणि वडिलांच्या दुकानात माल भरायचा. मुलाने नागपुरात एक विदेशी नावाची डिझेल गाडी पाहून ठेवली होती. नवी असताना पंचेचाळीस लाखांची, आता तेरा वर्षांची, दिल्लीच्या नंबरची, किंमत साडेसात लाख. वडील म्हणाले, "एवढ्यात कोरी छोटी गाडी येईल." मुलगा म्हणाला, "अब्बा, छोटी गाडी तर सगळ्यांच्याच दारात आहे." त्यांनी आम्हाला सल्ला विचारला. त्यांना जे सांगितले तेच इथे वाचकांसाठी देत आहोत, कारण अशी इच्छा बाळगणारे तरुण आज गावोगावी आहेत.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. पंचेचाळीस लाखांची गाडी साडेसात लाखांना मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स, तिचे दिवे, तिचे ब्रेक हे पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. पहिला मालक ती विकतो तो बहुधा अशा वेळी, जेव्हा मोठा खर्च दारात उभा असतो. म्हणून आमचा साधा हिशोब असा आहे : जेवढे पैसे गाडीसाठी काढले असतील त्यांतला चौथा हिस्सा बाजूला ठेवावा आणि उरलेल्या रकमेतच गाडी शोधावी. आठ लाख असतील तर गाडी सहाची पाहावी. पहिल्याच वर्षी टायर, बॅटरी, ऑईल, बेल्ट आणि ब्रेक यांवर तो हिस्सा लागतो. नाही लागला तर अल्लाहचे आभार मानावेत.

भाव करताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या मोटारींवरील जीएसटी, जो उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात होता, तो ४० टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. जुन्या याद्या दाखवून कोणी भाव सांगत असेल तर हे त्याच्या कानावर घालावे.

गाडी आपल्या गावाची आहे का?

मुंबई-पुण्याच्या माणसाला न पडणारे प्रश्न नागभीडच्या माणसाला पडतात. अशा गाड्यांचे जाणकार कारागीर आणि अधिकृत वर्कशॉप नागपुरात, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर. नागपूरकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून सडकेवरचा भरवसा वाढला. गाडी बंद पडली तर आपल्याकडे दोर बांधून ट्रॅक्टरने ओढण्याची रीत आहे. स्वयंचलित गिअरच्या किंवा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला अशी ओढली तर चांगला गिअरबॉक्सही निकामी होऊ शकतो. तिला सपाट ट्रकवर चढवूनच न्यावे लागते. हे भाडे आधीच विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट, या गाड्यांची पोटाची उंची कमी असते. अनेक सेडान गाड्या जमिनीपासून जेमतेम दीडशे मिलीमीटर वर असतात. गावातले गतिरोधक आणि बांध्यांमधून जाणारे रस्ते त्यांना मानवत नाहीत. रात्री तळोधी-सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी आली तर पुढचा बंपर, रेडिएटर आणि दिवे एका क्षणात जातात. आणि धानाच्या गोदामाशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांना विसरू नये. साध्या गाडीची वायर कुरतडली तर गावातला इलेक्ट्रिशियन जोडून देतो. आलिशान गाडीत वायरींचे जाळे असते, तिथे बिघाड शोधण्यातच दिवस जातो.

डिझेल गाडी बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची असेल तर तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ही काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून लांब आणि सलग पळवावी लागते. घर ते दुकान आणि दुकान ते मशीद एवढाच प्रवास असेल तर जाळी तुंबते. अशा घराने पेट्रोल गाडी पाहावी. मात्र २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर आले आहे, म्हणून २०२३ पूर्वीची गाडी त्यासाठी योग्य आहे का, हे तिच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर पाहून घ्यावे.

नाव मोठे की सुटे भाग जवळ?

आलिशान आणि वेगवान गाड्यांचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. मर्सिडीज-बेंझने भारतातील आपली पहिली गाडी १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत तयार केली. स्कोडाने तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथे कारखाना काढून २००१ मध्ये ऑक्टाव्हिया आणली आणि २००४ मध्ये तिचीच टर्बो पेट्रोल आवृत्ती 'आरएस' काढली. चाकणला तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोची 'जीटी टीएसआय' २०१३ मध्ये आली. फियाटने रांजणगावात बनवलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. वेगाची हौस असलेल्या मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येणाऱ्या जुन्या गाड्या याच.

पण यांतही फरक करावा. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स गाडी काढली होती. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, ताकद ६० अश्वशक्ती. दिसायला देखणी, पण फार थोड्या बनल्या. आज अशी गाडी मिळाली तर ती संग्राहकाने घ्यावी, रोज वापरणाऱ्याने नाही, कारण पुढची काच फुटली तर शोधायची कुठे? फियाटने पुढे भारतातील मोटारविक्री थांबवली. जनरल मोटर्सने २०१७ अखेर विक्री बंद केली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गेलेल्या कंपनीची गाडी स्वस्त मिळते ती उगाच नाही. सौदा करण्यापूर्वी नागपूरच्या सुट्या भागांच्या दुकानात तीन वस्तूंचा भाव आणि मिळण्याचे दिवस विचारावेत : पुढचा दिवा, क्लच आणि सस्पेन्शनचा एक हात. उत्तर ऐकूनच बऱ्याच गाड्या यादीतून गळतात.

ज्यांना ऐषआरामापेक्षा निश्चिंती हवी त्यांनी जपानी कंपन्यांच्या जुन्या मोठ्या सेडान पाहाव्यात. टोयोटाची कोरोला भारतात २००३ मध्ये आली, होंडाची अकॉर्ड २००१ मध्ये. या गाड्यांची कामे करणारे हात अधिक ठिकाणी सापडतात.

तपासणी कशी करावी

गाडी पाहायला सकाळी लवकर, न कळवता जावे. बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. सुरू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑईल खाते आहे. पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर पाणी ऑईलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते. असा सौदा तिथेच सोडावा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कोणीतरी तो काढून ठेवला आहे. हवेवरचे सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची पाहावी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज पाहावी, आणि चॅसी नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधील जुनी नोंद मागावी.

सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढावा. त्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तेव्हा असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावांत विकल्या जातात. शेवटी नागपुरात कॉम्प्युटर स्कॅनर लावून तपासणी करून घ्यावी. त्याचे पैसे वाचवणे म्हणजे ओल न पाहता धान भरणे होय.

कागद पक्के, मग पैसे

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, हे समजून घ्यावे. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिची अंमलबजावणी करण्यास सांगितले. २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशांनी यात काही सवलत दिली, तरी या काळात शेकड्यांनी गाड्या इतर राज्यांत आल्या. अशा गाडीची तिथल्या आरटीओची एनओसी हातात असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर तिची नोंदणी इथे करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ती रक्कम आधी चंद्रपूर आरटीओत विचारून किमतीत धरावी.

नोंदणी पंधरा वर्षांची असते. १ एप्रिल २०२२ पासून त्यानंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे १०,००० व ८०,००० करण्यात आले.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलान थकले आहे का, हे परिवहन खात्याच्या नोंदीत पाहता येते. चॅसी आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावेत. नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, बोजा असेल तर नमुना ३५. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

विकणाऱ्यानेही सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली तरी अपघाताची भरपाई ज्याचे नाव नोंदीत आहे त्याच्यावर येते. भरवशाचा माणूस म्हणून कोऱ्या कागदावर सही देणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

बरकत कशात आहे

जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजदर नव्या गाडीपेक्षा बहुधा जास्तच असतो. व्याज आपल्यासाठी निषिद्ध आहे हे तर आहेच, पण निव्वळ व्यवहार म्हणूनही घसरणाऱ्या किमतीच्या वस्तूसाठी चढे व्याज भरणे शहाणपणाचे नाही. जमलेल्या पैशात बसेल तीच गाडी आपली. घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, मात्र गाड्यांचा धंदा करणाऱ्याने विक्रीला उभा असलेला माल जकातीच्या हिशोबात धरावा.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस धान विकणाऱ्याला जशी लागू आहे तशीच मोटार विकणाऱ्यालाही. ऐब सांगून विकलेली वस्तू थोड्या कमी किमतीत जाते, पण ग्राहक परत येतो.

त्या घराचे काय झाले, हे सांगणे उरले. मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे न कळवता नागपूरला गेला. गाडीचा पुढचा डावा कोपरा जमिनीकडे झुकलेला होता. विक्रेता म्हणाला, इंजिन सुरू केले की वर येते. वर आलाही. पण मुलाने एनओसी मागितली तेव्हा ती 'येत आहे' असे उत्तर मिळाले. तो सलाम करून परतला. दोन महिन्यांनी त्याने चंद्रपूरच्याच नंबरची, एकाच मालकाची नऊ वर्षांची सेडान घेतली, निम्म्याहून कमी पैशात. उरलेल्या रकमेत दुकानात माल भरला गेला आणि बहिणीच्या लग्नासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. वऱ्हाडाला आणायला हीच गाडी गेली.