भुताच्या शोधात एस. टी.ने

रात्रीचे दोन. पत्र्याच्या घरात, हातात वही आणि बॅटरी घेऊन कुणी जागे बसलेले दिसले, तर ते आम्ही समजावे. नोकरी-धंदा सांभाळून, रविवार पाहून, पदरमोड करून ‘भुताच्या’ घरी जायचे आणि खरे काय ते शोधायचे, हा आमचा उद्योग. सिनेमातल्यासारखे यात काहीही नसते. पांढरी साडी येत नाही. येतात ते डास.

मग आम्ही तिथे करतो तरी काय? आधी घराचा नकाशा काढतो. दगड कधी पडला, कपडा कधी पेटला, तेव्हा घरात कोण कुठे होते, हे प्रत्येकाला वेगळे बसवून विचारतो आणि लिहून घेतो. जमिनीवर पीठ पसरतो, म्हणजे पावले उमटतात. दाराला दोरा बांधतो. मग नुसते बसायचे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसताना ‘टक्‌ टक्‌’ वाजतो. जुन्या वाड्यात गव्हाणी घुबड किंचाळते. निम्मी भुते इथेच संपतात.

हा उद्योग जुना आहे. इंग्लंडात बोर्ली गावचे पाद्र्याचे घर झपाटलेले म्हणून गाजले होते. हॅरी प्राइस याने १९३७ साली ते वर्षभरासाठी भाड्याने घेतले, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आणि ४८ हौशी निरीक्षक जमवले. त्यांच्याही वाट्याला बहुतेक रात्री नुसते जागरणच आले. पुढे १९५६ साली तिघा संशोधकांनी प्राइसच्याच कामावर संशय घेणारा अहवाल लिहिला. भुताइतकीच भूत शोधणाऱ्याचीही तपासणी करावी लागते, ती अशी! कॉव्हेन्ट्रीच्या विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत थंडी वाजे, भीती वाटे, कडेला करडी आकृती दिसे. शोध घेता कारण निघाला एक पंखा! त्याच्यामुळे कानाला ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर खोलीत उठत होती. पंख्यात दुरुस्ती केली, भूत गेले. हा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडच्या भानामतीत मात्र पंखा क्वचितच सापडतो. सापडते ते दुःख. मराठवाड्यातल्या एका घरी दांडीवरचे कपडे पेटत होते. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीने करणी केली, असे गावाने ठरवून टाकले होते. तिला पाणी भरू देईनात. आम्ही दोन रात्री बसलो. वहीतल्या वेळा जुळवल्या, तेव्हा प्रत्येक वेळी घरात एकटी कोण होती, ते कळले. नववीतली पोर. आमच्यातल्या ताईंनी तिला जवळ घेतले, तेव्हा ती हमसून हमसून रडली. शाळा बंद करून तिचे लग्न ठरवले होते. ‘नको’ म्हणायला तिला दुसरी भाषा सापडली नव्हती.

तिचे नाव आम्ही गावात काढले नाही. फक्त आईला विश्वासात घेतले. गावाला एवढेच सांगितले, की ही करणी नाही, आजींचा काही संबंध नाही, आणि कुणावर करणीचा आळ घेऊन छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आग थांबली. जूनमध्ये पोर दहावीच्या वर्गात बसली. आजी पुन्हा आडावर दिसू लागल्या.

आणि आमची कमाई? खिडकीजवळची जागा, कुणाच्या तरी घरची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आणि वाटेवरचे गाव. त्याच फेरीत परतताना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला उतरलो. सातवाहनकाळी नावाजलेली ही व्यापारपेठ. ग्रीक लेखक तिला ‘तगर’ म्हणत. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली मातीची खेळणी, मणी पाहिले. विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहिले. त्याची पाठ चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे. मूळ वास्तू बौद्धांची असावी, असे अभ्यासक मानतात. जागरणाचा सारा शीण तिथेच उतरला.

वाचकहो, तुमच्या शेजारी कधी भानामती झाली, तर मांत्रिकाकडे धावू नका. वही घ्या, वेळ लिहा. आणि त्या घरात कुणाचे ऐकले जात नाही, ते आधी पाहा.