अर्धा तास, एकच काम



आज आधी माझीच एक चूक सांगते. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री घरी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. शेजारी मोबाइल. टिंग वाजलं की तो बघायचा, मग परत वही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाई, मी दोनदा करून पाहिला भागाकार. बरोबरच येते. मग चूक कायले दिली?" बघते तर काय, उत्तर अगदी बरोबर! वर्गासमोर मी तिची माफी मागितली. शाई खोडता आली, पण तिचा चेहरा काही डोळ्यांसमोरून जाईना.

आपल्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडे हातमागावर कोशाचं कापड विणतात. विदर्भाची करवतकाठी साडी तर प्रसिद्धच आहे. काठाला करवतीसारखे दाते, म्हणून हे नाव. ती विणायला तीन धोटे लागतात : दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. विणकराचे हात, पाय, डोळे सगळे एकाच कामात गुंतलेले. जरा लक्ष हललं की दात्यांची ओळ बिघडते आणि चूक तिथंच दिसते. आपल्या वहीचं तसं नसतं. चूक कळते दुसऱ्या दिवशी! तोवर वाटत राहतं, 'टीव्ही बघता बघता झाला की अभ्यास.'

म्हणून नुसतं पुस्तक उघडून बसू नका. हातात पेन्सिल घ्या. वाचलेलं थोडक्यात लिहा. गणित झालं की ताळा करा. हात आणि डोळे एका कामाला लागले, की मनही तिथं थांबतं.

पण शेजारी मोबाइल वाजत असेल तर एकट्याने मन किती आवरायचं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर गंमतशीर उपाय काढला. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाइलवर होता. शाळा सुरू झाल्या, पण हातातला मोबाइल सुटेना. मग ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, तोवर मुलांनी अभ्यास करायचा. यातली मोठी गोष्ट कोणती? मोबाइल फक्त मुलांचा नाही, मोठ्यांचाही बंद! आईबाबा मालिका बघत असतील तर मुलाचा कान तिकडेच राहणार.

आपल्या गावात भोंगा नसला तरी घरात घड्याळ आहेच. इटलीतल्या फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याचंही अभ्यासात लक्ष लागत नसे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने स्वयंपाकघरातलं टमाटरच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. टमाटरला इटालियन भाषेत म्हणतात 'पोमोदोरो'. त्यावरून ही पद्धत जगभर त्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे आपलं भेदरंच की!

तुम्हीही करून बघा. लहान असाल तर दहाच मिनिटांपासून सुरुवात करा. मध्येच 'उद्या पतंग आणायचा' असं आठवलं, तर एका कागदावर लिहून टाका आणि परत कामाला लागा. मन पळालं म्हणून स्वतःवर चिडू नका. ते पळणारच, आपण परत आणायचं. आणि पालकांनो, एक विनंती. तेवढ्या वेळात "जा रे, दुकानातून साखर आण" असं मुलाला उठवू नका. दहा मिनिटांनी साखर आली तरी चहा होतोच.

आता माझं म्हणाल, तर वह्या तपासताना माझा मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर असतो. वह्या लवकर होतात आणि झोपही लवकर येते. त्या मुलीची वही आली, की आधी ताळा करते, मगच लाल पेन उचलते.