जहाज मोडलं, तरी सोबती भेटतात!

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. ओळखा पाहू!

'माझ्या पोटात दीड हजार माणसं राहतात. माझ्या पाठीवर विमानं उतरतात. घर आहे, पण अंगण नाही. चहूकडे पाणीच पाणी, पण त्यातला घोटभरही पिता येत नाही. सांगा, मी कोण?'

बरोबर! विमानवाहू युद्धनौका. म्हणजे समुद्रावर तरंगणारं एक छोटं गावच.

आता तुम्ही म्हणाल, 'बाई, आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. आपल्याकडे समुद्र कुठला?' खरं आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला, तालुके चौदा, पण समुद्रकिनारा एक हातभरसुद्धा नाही. आपलं मोठं पाणी म्हणजे भंडारदरा, मुळा धरण, नाहीतर शेवगाव-नेवाशाकडचा जायकवाडीचा फुगवटा. तरीही आपल्याकडची मुलं नौदलात जातात, बरं का! ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी 'आयएनएस चिल्का' नावाचं केंद्र आहे, तिथे नव्या नौसैनिकांना शिकवतात. जहाजाची इंजिनं सांभाळायचं शिक्षण आपल्या लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'मध्ये मिळतं. काही जणांनी तर भरती झाल्यावरच पहिल्यांदा समुद्र पाहिलेला असतो!

पंधरा-वीस वर्षं नोकरी करून हे नौसैनिक गावी परततात. कुणी शेती पाहतो, कुणी दुकान घालतो, कुणी बँकेत सुरक्षारक्षक होतो. गावात सगळे त्यांना 'फौजी' म्हणतात. पण आपापसात ते एकमेकांना ओळखतात ते जहाजाच्या नावाने. 'तू विराटवाला ना? मी पण!' एवढं म्हटलं की झाली ओळख पक्की. अशा जुन्या सोबत्यांच्या संघटना असतात, त्यांची बातमीपत्रं निघतात आणि त्यांचे मेळावे भरतात. आज त्या मेळाव्यांची गोष्ट सांगणार आहे.

एका जहाजातले भाऊ

ही माणसं एवढी जवळची का होतात? जहाजावरचा दिवस कसा असतो ते ऐका, म्हणजे कळेल.

जहाज रात्री झोपत नाही. कुणीतरी सतत जागं असावंच लागतं. म्हणून दिवसाच्या पहाऱ्याच्या पाळ्या करतात. एक पाळी चार तासांची. चोवीस भागिले चार म्हणजे सहा पाळ्या. पण सहा पाळ्या ठेवल्या, तर मध्यरात्रीची पाळी रोज त्याच बिचाऱ्यांच्या वाट्याला येणार! म्हणून नौदलांच्या जुन्या पद्धतीत एक गंमत केलेली आहे. संध्याकाळची चार ते आठ ही पाळी मोडून दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या करतात. मग पाळ्या होतात सात. सात ही विषम संख्या, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते आणि कुणावर अन्याय होत नाही. आहे की नाही गणिताचा उपयोग?

झोपायला एकावर एक टांगलेल्या अरुंद बर्थ. सामानाला एक छोटं कपाट. गोडं पाणी मोजून वापरायचं. इंजिनघरात उकाडा असा की घामाच्या धारा लागतात. महिनोन् महिने अशा जागेत एकत्र राहिलेली माणसं एकमेकांना विसरतील कशी?

विराट : एक जहाज, दोन देशांचे सोबती

आता एका खऱ्या जहाजाची गोष्ट. १९५९ साली ब्रिटनच्या नौदलात 'हर्मिस' नावाची विमानवाहू नौका दाखल झाली. आजचे ब्रिटनचे राजे चार्ल्स तरुणपणी हिच्यावरून हेलिकॉप्टर उडवत असत. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. पुढे भारताने ती विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती 'विराट' या नावाने आपल्या नौदलात आली. तिचं ब्रीदवाक्य होतं, 'जलमेव यस्य, बलमेव तस्य'. म्हणजे ज्याच्या हाती समुद्र, तोच बलवान.

विराट तीस वर्षं भारताची सेवा करून ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. जहाज निवृत्त होतं म्हणजे काय, माहीत आहे? सूर्य मावळताना त्याच्यावरचा नौदलाचा ध्वज सन्मानाने खाली उतरवतात. तो क्षण पाहायला विराटवर काम केलेले भारतीय तर जमलेच, पण ब्रिटनहून 'हर्मिस'वर काम केलेले म्हातारे नौसैनिकही आले होते! विचार करा. भाषा वेगळी, देश वेगळा, ध्वज वेगळा, पण ज्या लोखंडी जिन्यावरून ते चढले-उतरले तो जिना एकच.

पुढे विराटचं काय झालं? २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायच्या योजनेला मंजुरी दिली. खर्च होता ८५२ कोटी रुपये. पण ते काही जमलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला नेली. तिला वाचवण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण उपयोग झाला नाही.

जहाज ठेवणं सोपं नसतं

आपल्या नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पाहिलंय ना? १९९४ पासून तिथे देशोदेशीचे जुने रणगाडे मांडून ठेवले आहेत. रणगाडा मैदानात उभा केला, रंग दिला, की तो वर्षानुवर्षं राहतो. जहाजाचं तसं नाही. खारं पाणी त्याचं लोखंड रात्रंदिवस खात असतं. रंग, डागडुजी, वीज, माणसं, सगळ्याला पैसा लागतो.

भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' हिचंही असंच झालं. ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार इथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. मग काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तुमच्या आईबाबांपैकी कुणी ती पाहिलीही असेल, विचारून बघा. २०१२ साली ते बंद झालं आणि २०१४ मध्ये मुंबईतच ती मोडायला सुरुवात झाली. तिचं थोडं पोलाद एका कंपनीने मोटारसायकली बनवताना वापरलं. थोड्या लोखंडातून मुंबईत एक स्मारक उभं राहिलं. तिचं नाव मात्र पुसलं गेलं नाही. कोचीला भारतातच बांधलेली नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलाला नवा ध्वजही मिळाला. त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

मेळावा कसा ठरतो?

जहाज उरलं नाही, मग भेटायचं कुठे आणि कसं? चला, आपणच एक मेळावा ठरवून पाहू. वाटतं तेवढं सोपं नाही हं!

पहिलं काम यादीचं. कोण कोणत्या साली जहाजावर होतं, आता कुठे राहतं, पत्ता काय, फोन लागतो का? एका विराटवर दीड हजार माणसं, दर दोन-तीन वर्षांनी बदल्या, आणि तीस वर्षं सेवा. किती नावं होतील? पाटी-पेन्सिल घेऊन अंदाज करा. पत्ते बदललेले असतात, फोन बंद पडलेले असतात. मग एकाने दुसऱ्याला विचारायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

दुसरं काम तारखेचं. जहाज नौदलात दाखल झालं तो त्याचा वाढदिवस. विराटचा १२ मे, पण तेव्हा कडक ऊन आणि घरोघरी लग्नं. विक्रांतचा ४ मार्च, तेव्हा नातवंडांच्या परीक्षा आणि शेतकऱ्याच्या घरी गहू-हरभऱ्याची काढणी. मग बऱ्याच जणांना ४ डिसेंबर बरा वाटतो. तो नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला होता, त्याची ती आठवण.

तिसरं काम जागेचं. नौदलाच्या तळावर जायचं तर आधी परवानगी आणि ओळखपत्रं हवीत. मुंबईत राहायचा खर्च मोठा. गुडघे दुखणाऱ्यांना जिने नकोत. मधुमेहवाल्यांना वेळेवर जेवण हवं. आणि वर्गणी अशी हवी की कुणी केवळ पैशापायी घरी बसू नये. म्हणून हिशेब चोख ठेवणारा एक खजिनदार लागतो. तुमच्या स्नेहसंमेलनासारखंच आहे की नाही?

बातमीपत्रात काय असतं?

मेळावा वर्षातून एकदा, पण बातम्या वर्षभर. कुणाच्या मुलीने बारावीत यश मिळवलं, कुणाला नातू झाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. कामाच्या सूचनाही असतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर पेन्शन अडकेल. माजी सैनिकांसाठी २००३ पासून सुरू झालेल्या आरोग्य योजनेचं कार्ड काढलं का? अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. साधीच वाक्यं, पण एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना त्यांचा केवढा आधार!

शेवटी एक छोटा रकाना असतो. 'हे सोबती आपल्यातून गेले.' दर अंकात त्यात नावं वाढतात आणि पहिल्या कामातली ती यादी लहान होत जाते.

खुकरीचे सोबती

मुलांनो, हा रकाना सर्वांत मोठा झाला तो एका रात्रीत. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत इतरांना वाचवण्याच्या कामात होते आणि जहाजाबरोबरच त्यांनी जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. वाचले ते ६७ जण. अशा जहाजाचे सोबती भेटतात तेव्हा मोकळ्या खुर्च्यांचीही आठवण काढावी लागते, आणि गेलेल्यांच्या घरच्यांनाही आदराने बोलवावं लागतं.

दीवला खुकरीचं स्मारक आहे. तिच्याच नावाची दुसरी 'खुकरी' १९८९ साली नौदलात आली आणि २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. ही मात्र मोडली नाही. तिला संग्रहालय करण्यासाठी दीवलाच दिलं गेलं.

आता तुमचं काम

हिशेब करा. १९७१ साली जो अठरा वर्षांचा होता, तो आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. जहाजाचं लोखंड वितळवलं गेलं. जहाज किती लांब होतं, किती वजनाचं होतं, ते पुस्तकात सापडेल. पण वादळात भाकरी कशी भाजली, पहिल्यांदा समुद्र पाहून काय वाटलं, घरचं पत्र किती दिवसांनी आलं, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? ते फक्त माणसांजवळ आहे, आणि माणसं कायमची नसतात.

म्हणून सुट्टीत एक वही करा. गावातल्या माजी सैनिक आजोबांकडे जा. नौदलातले नसले तरी चालतील, रणगाड्यावरचे किंवा पायदळातले असतील. आधी त्यांच्या सोयीची वेळ विचारा. मग हे प्रश्न विचारा :

१. आजोबा, भरतीला निघालात तेव्हा घरचे काय म्हणाले?
२. तुमचं रोजचं काम काय होतं?
३. जेवायला काय मिळायचं? घरच्या कशाची आठवण यायची?
४. तुमचा जिवलग सोबती कोण? तो आता कुठे आहे?
५. तुमच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होतो का? तुम्ही जाता का?

एक जपायचं. 'तुम्ही किती शत्रू मारले?' असं विचारू नका. काही आठवणी जड असतात. आजोबा गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. आजींनाही विसरू नका. आजोबा समुद्रावर असताना घर, शेत आणि मुलं त्यांनीच सांभाळली. त्यांचं पानही वहीत हवंच.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना मेळाव्याचं पत्र आलं, की 'आता या वयात कुठे जाता?' असं पटकन म्हणू नका. गाडीचं तिकीट काढून द्या, औषधांची पिशवी भरून द्या, जमलं तर सोबत जा. नातवाला नेलं तर फारच छान! तिथे त्याला दिसेल की आपले थकलेले आजोबा जुना सोबती समोर येताच कसे ताठ उभे राहतात.

आणि हो, चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. हरवलेल्या त्या सोबत्याचं नाव, गाव, जहाज आणि साल. कुणी सांगावं, तुमच्या वहीतल्या त्या एका ओळीमुळे दोन म्हातारे मित्र पन्नास वर्षांनी भेटतीलही!

मग, कधी सुरुवात करताय?